रेंज आहे, पण नेट नाही

बिनतारी जाळ्यात दोन यंत्रे रेडिओ लहरींच्या आधारे एकमेकांशी बोलतात. कोणत्या वारंवारतेवर बोलायचे, किती जोराने बोलायचे, एका दमात किती माहिती पाठवायची, दुसरे कोणी बोलत असेल तर किती थांबायचे आणि वाटेत काही गहाळ झाले तर काय करायचे, हे सारे आधीच ठरलेले असावे लागते. या ठरावाला मानक म्हणतात. ठराव एकच असला की वेगवेगळ्या देशांत, वेगवेगळ्या कारखान्यांत बनलेले राउटर आणि मोबाइल टिटवाळ्यातल्या घरात पहिल्याच दिवशी एकमेकांना ओळखतात. वाय-फाय, ब्लूटूथ, फोर-जी, फाइव्ह-जी, एनएफसी ही अशाच मानकांची बाजारात रुळलेली नावे.

इतकी मानके कशाला, हा प्रश्न साहजिक आहे. लांबचा पल्ला, मोठा वेग, बॅटरीची बचत आणि गर्दीतही टिकून राहणे या चारही गोष्टी एकाच वेळी कोणत्याही रेडिओला साधत नाहीत. एक मिळवायची तर दुसरी सोडावी लागते, आणि काय सोडायचे यावरून मानके वेगळी झाली. ‘सगळ्यांत चांगले कोणते’ या प्रश्नाला म्हणूनच उत्तर नसते. कुठे वापरायचे आणि कशासाठी, हे आधी सांगावे लागते.

टिटवाळा हे गाव या दृष्टीने पाहण्यासारखे आहे. मध्य रेल्वेच्या कल्याण-कसारा मार्गावर आंबिवली आणि खडवलीच्या मध्ये ते वसले आहे. एका अंगाला काळू नदी, महागणपतीचे देऊळ आणि चतुर्थीची गर्दी, दुसरीकडे दाटीने उभ्या राहिलेल्या नव्या इमारती, जुनी बैठी घरे, आणि हद्द ओलांडली की शेतजमीन. बिनतारी मानकांमधला जवळजवळ प्रत्येक फरक इथे काही किलोमीटरच्या आत अनुभवाला येतो.

सुरुवात लहरींपासूनच करायला हवी. वारंवारता जितकी कमी तितकी लहर लांब, आणि लांब लहर भिंती, झाडे, वळणे यांना कमी दाद देते. ७०० मेगाहर्ट्झच्या लहरीची लांबी सुमारे ४३ सेंटिमीटर, २.४ गिगाहर्ट्झची साडेबारा, तर ५ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यातली सहा सेंटिमीटरच्या आत. आरसीसीची भिंत किंवा स्लॅब २.४ गिगाहर्ट्झच्या लहरीला थकवतो, पण ५ गिगाहर्ट्झच्या लहरीला बऱ्याचदा तिथेच थांबवतो. पाणीही या लहरी शोषते. पाण्याची टाकी, मासे ठेवलेली काचेची पेटी, खोलीत जमलेली माणसे यांतून जाताना सिग्नल क्षीण होतो. पावसाच्या सरींचा मात्र घरगुती वाय-फायवर फारसा परिणाम होत नाही. पावसाळ्यात नेट जाते त्यामागे बहुतेक वेळा वीज, भिजलेली जोडणी किंवा तुटलेली केबल असते.

मग कमी वारंवारताच का वापरू नये? कारण तिथे जागा नाही. खालच्या पट्ट्यांत आकाशवाणी, दूरचित्रवाणी, पोलिस, विमाने, जहाजे यांनी आधीच बस्तान मांडले आहे. मोठा वेग हवा तर रुंद चॅनल हवा, आणि रुंद चॅनलला मोकळी जागा वरच्या पट्ट्यांतच मिळते. कल्याणहून ठाण्याकडे जाणारे रूळ सहा आहेत आणि टिटवाळ्याकडे जाणारे दोन, म्हणून दोन्हीकडे तितक्याच गाड्या धावू शकत नाहीत. चॅनलच्या रुंदीचेही तसेच, आणि रूळ वाढवायचे तर आधी जमीन हवी.

वाय-फायचा जन्म परवाना न लागणाऱ्या पट्ट्यांतला. अमेरिकेने १९८५ मध्ये काही पट्टे परवान्याशिवाय वापरायला मोकळे केले आणि त्या मोकळीकीतून पुढे हे सारे उभे राहिले. विद्युत अभियंत्यांच्या आयट्रिपलई या संस्थेने १९९७ मध्ये ८०२.११ हे पहिले मानक प्रसिद्ध केले. त्याचा कमाल वेग होता सेकंदाला २ मेगाबिट. १९९९ मध्ये त्याची दोन भावंडे आली : २.४ गिगाहर्ट्झवर चालणारे ११ मेगाबिटचे ‘बी’ आणि ५ गिगाहर्ट्झवरचे ५४ मेगाबिटचे ‘ए’. वेगाने ‘ए’ सरस होते, तरी घराघरांत ‘बी’ पोहोचले, कारण ते स्वस्त होते आणि त्याचा पल्ला मोठा होता. २००३ मध्ये ‘जी’ने २.४ गिगाहर्ट्झवरच ५४ मेगाबिटचा वेग आणून तो तिढा सोडवला. भारतात २.४ गिगाहर्ट्झचा पट्टा २००५ मध्ये परवानामुक्त झाला. ५ गिगाहर्ट्झमधला ६०५ मेगाहर्ट्झचा ऐसपैस भाग खुला व्हायला मात्र ऑक्टोबर २०१८ उजाडले.

खरी उडी २००९ च्या ‘एन’ मानकाने घेतली, आणि तिच्यामागच्या कल्पनेचे धागे महाराष्ट्राशी जुळलेले आहेत. रेडिओ लहर भिंतींवर, कपाटांवर, छतावर आपटून अनेक वाटांनी पोहोचते. एकाच संदेशाच्या या थोड्या पुढे-मागे येणाऱ्या प्रती एकमेकींत मिसळतात आणि सिग्नल बिघडतो. अभियंत्यांनी कित्येक वर्षे ही पीडाच मानली. दोन्ही टोकांना एकाऐवजी अनेक अँटेना लावल्या तर या वेगवेगळ्या वाटाच वेगवेगळ्या वाहिन्या म्हणून वापरता येतील आणि त्याच पट्ट्यातून एकाच वेळी दुप्पट-चौपट माहिती जाईल, ही कल्पना स्टॅनफर्ड विद्यापीठात आरोग्यस्वामी पॉलराज यांनी मांडली. थॉमस कैलाथ यांच्यासह त्यांना तिचे अमेरिकी पेटंट १९९४ मध्ये मिळाले. कैलाथ यांचा जन्म १९३५ चा, पुण्यातला. सेंट व्हिन्सेंट शाळेत शिकून पुण्याच्या अभियांत्रिकी महाविद्यालयातून १९५६ मध्ये दूरसंचार शाखेची पदवी घेऊन ते अमेरिकेला गेले. पॉलराज खडकवासल्याच्या राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीतून भारतीय नौदलात आले आणि लोणावळ्याच्या नौदल अभियांत्रिकी महाविद्यालयात शिकले. पाणबुड्यांचा माग काढणारी सोनार यंत्रणा नौदलासाठी उभारण्यात त्यांचा मोठा वाटा होता. पाण्याखालून अनेक वाटांनी येणारा आवाज वेगळा करणे आणि खोलीत अनेक वाटांनी येणारी लहर वेगळी करणे यांचे गणित एकमेकांच्या जवळचे आहे. मायमो नावाने ओळखले जाणारे हे तंत्र आज वाय-फायच्या ‘एन’पासूनच्या सर्व पिढ्यांत आणि फोर-जी, फाइव्ह-जीमध्ये आहे. राउटरच्या डोक्यावर दिसणाऱ्या दोन-चार दांड्या त्यासाठीच असतात. आपल्या शाळा-महाविद्यालयांतून ही कहाणी आवर्जून सांगितली जायला हवी.

‘एन’चा कमाल वेग कागदावर ६०० मेगाबिट होता. २०१३ च्या ‘एसी’ मानकाने केवळ ५ गिगाहर्ट्झवर काम करून तो जवळपास ७ गिगाबिटपर्यंत नेला. अक्षरांचा हा गोंधळ ग्राहकाला कळेनासा झाल्यावर वाय-फाय अलायन्स या उद्योगसंघटनेने २०१८ मध्ये साधे क्रमांक दिले : ‘एन’ म्हणजे वाय-फाय ४, ‘एसी’ म्हणजे वाय-फाय ५ आणि त्यानंतरचे ‘एएक्स’ म्हणजे वाय-फाय ६.

वाय-फाय ६ चे महत्त्व वेगापेक्षा वाटपात आहे. आधीच्या पिढ्यांत चॅनल एका क्षणी सहसा एकाच यंत्राच्या ताब्यात जाई. मोबाइलने चार शब्दांचा निरोप पाठवला तरी तेवढ्यापुरता सगळा चॅनल त्याचा. वाय-फाय ६ मध्ये चॅनलचे बारीक भाग पाडून ते एकाच क्षणी अनेक यंत्रांना देता येतात. शिवाय पुन्हा कधी बोलायचे याची वेळ ठरवून यंत्राला मधल्या काळात झोपू देता येते, त्यामुळे बॅटरी टिकते. घरात दोन मोबाइल आणि एक टीव्ही असेल तर हा फरक जाणवणार नाही. शाळेत, रुग्णालयात, ऑनलाइन परीक्षा केंद्रात तो स्पष्ट दिसतो.

जानेवारी २०२४ पासून प्रमाणित होऊ लागलेले वाय-फाय ७ हे ३२० मेगाहर्ट्झइतका रुंद चॅनल वापरू शकते आणि एकाच यंत्राला एकाच वेळी दोन पट्ट्यांवरून जोडू शकते. मात्र एवढ्या रुंदीची जागा ६ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यातच आहे. भारतात त्या पट्ट्याचा ५९२५ ते ६४२५ मेगाहर्ट्झ हा खालचा भाग परवानामुक्त करण्याच्या नियमांचा मसुदा दूरसंचार विभागाने मे २०२५ मध्ये प्रसिद्ध केला. राउटरच्या खोक्यावर ‘६ई’ (६ गिगाहर्ट्झवरही चालणारे वाय-फाय ६) किंवा ‘७’ पाहून जास्त पैसे मोजण्याआधी त्या यंत्रात हा पट्टा भारतासाठी चालू आहे का, हे विचारणे शहाणपणाचे.

खोक्यावरचे आकडे हा स्वतंत्र विषय आहे आणि त्यात ग्राहकाची सर्रास दिशाभूल होते. ‘एसी १२००’ याचा अर्थ १२०० मेगाबिटचे नेट असा नव्हे. २.४ गिगाहर्ट्झवरचे कागदी ३०० आणि ५ गिगाहर्ट्झवरचे ८६७ यांची बेरीज करून वर पूर्णांक केलेला तो आकडा आहे. ‘एएक्स ३०००’ हीदेखील ५७४ आणि २४०२ यांची बेरीज. एक मोबाइल साधारणपणे एका वेळी एकाच पट्ट्यावर असतो, त्यामुळे ही बेरीज त्याच्या वाट्याला कधी येतच नाही. त्या एका पट्ट्याच्या कागदी वेगापैकीही प्रत्यक्षात निम्मा मिळाला तर पुष्कळ. बऱ्याच स्वस्त ‘एन ३००’ राउटरांना केबल लावण्याची जागा १०० मेगाबिटचीच असते. घरी २०० मेगाबिटचा फायबर प्लॅन आणि दारात असा राउटर असेल, तर उरलेल्या वेगाचे पैसे महिन्याच्या महिन्याला वाया जातात. उलट प्लॅन ५० मेगाबिटचा असेल तर वाय-फाय ५ आणि वाय-फाय ७ यांत त्या घराला काडीचा फरक दिसणार नाही.

टिटवाळ्यातल्या नव्या इमारतींत खरी अडचण वेगाची नसून शेजाराची असते. २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात भारतात १३ चॅनल आहेत, पण ते एकमेकांवर इतके चढलेले आहेत की १, ६ आणि ११ हे तीनच एकाच वेळी निर्वेध चालतात. एका मजल्यावर चार घरे, खाली-वर तितकीच, आणि प्रत्येक घरात राउटर. वाय-फायचा नियम असा की बोलण्याआधी ऐकायचे आणि दुसरे कोणी बोलत असेल तर थांबायचे. शेजारच्या घरातला राउटरही त्यात आला. त्यामुळे मोबाइलवर वाय-फायच्या सगळ्या रेघा भरलेल्या दिसतात आणि व्हिडिओ मात्र गोल गोल फिरत राहतो. त्यातच एखादे जुने, संथ यंत्र जोडलेले असेल तर ते आपला निरोप पाठवायला जास्त वेळ घेते आणि बाकीची ताटकळतात. अशा इमारतीत ५ गिगाहर्ट्झची भिंतीत अडकण्याची खोड उपयोगी पडते, कारण शेजाऱ्याची लहरही भिंतीपलीकडेच राहते. टीव्ही आणि लॅपटॉप ५ वर, लांबच्या खोलीतला मोबाइल आणि दारावरचा कॅमेरा २.४ वर, अशी वाटणी बहुतेक फ्लॅटना मानवते. आवार असलेल्या बैठ्या घरात, जिथे शेजार दूर आहे, तिथे २.४ गिगाहर्ट्झ आजही अधिक कामाचे.

ब्लूटूथ याच २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात राहते, पण त्याचा स्वभाव निराळा. स्वीडनच्या एरिक्सन कंपनीत १९९४ मध्ये त्यावर काम सुरू झाले आणि १९९९ मध्ये पहिले मानक आले. उद्देश एवढाच होता की दोन-चार मीटरची वायर जावी. म्हणून त्याची शक्ती अगदी थोडी आणि वेग जेमतेम एक ते तीन मेगाबिट. सकाळी टिटवाळ्याहून सुटणाऱ्या लोकलच्या एका डब्यात कितीतरी प्रवाशांच्या कानात बिनतारी इअरफोन असतात, तरी एकाचे गाणे दुसऱ्याला ऐकू येत नाही. ब्लूटूथ ७९ अरुंद चॅनलांवर सेकंदाला १६०० वेळा उड्या मारते, आणि कोणत्या क्रमाने उडायचे हे त्या जोडीलाच ठाऊक असते. एखाद्या चॅनलवर वाय-फायचा गलबला आढळला तर तो टाळलाही जातो. २०१० मध्ये आलेले कमी ऊर्जेचे ब्लूटूथ बोटाच्या पेराएवढ्या बॅटरीवर महिनोन्‌महिने चालते. मनगटी पट्टे, साखर मोजणारी यंत्रे, हरवलेल्या वस्तू शोधणारे टॅग त्यावरच चालतात.

लोकल सुटली की वाय-फाय मागे राहते आणि मोबाइलचे जाळे हाती घेते. दोहोंमधला मुख्य भेद मालकीचा आणि शिस्तीचा आहे. वाय-फायचा पट्टा सर्वांचा असल्याने तिथे कोणीही कोणाला हक्काने हटवू शकत नाही. मोबाइलचा पट्टा कंपनीने लिलावात विकत घेतलेला असतो, आणि कोणत्या हँडसेटने कोणत्या क्षणी बोलायचे हे टॉवर ठरवतो. शहाड, आंबिवली, टिटवाळा अशी गाडी पुढे सरकत असताना एका टॉवरने चालू संभाषण दुसऱ्याच्या हवाली करायचे, ही सोय मोबाइल मानकांच्या मुळातच आहे. घरगुती वाय-फाय धावत्या ग्राहकासाठी बनलेलेच नाही. रेलटेलने गुगलच्या साथीने जानेवारी २०१६ मध्ये मुंबई सेंट्रलपासून सुरू केलेले रेल्वेचे मोफत वाय-फायही फलाटापुरतेच आहे.

भारतात टू-जी १९९५ मध्ये आले, फोर-जी २०१२ मध्ये कोलकात्यात, आणि १ ऑक्टोबर २०२२ रोजी फाइव्ह-जी. या पिढ्या एकमेकींना संपवत नाहीत, बराच काळ सोबत नांदतात. देवळाजवळच्या प्रसादाच्या दुकानात पैसे जमा झाल्याचे मोठ्याने सांगणाऱ्या डबीत स्वतःचे सिमकार्ड असते. तिला वेग नको, पोच हवी, म्हणून तिथे जुनी पिढीही पुरते. फाइव्ह-जी एकच नसते हेही लक्षात घ्यायला हवे. ७०० मेगाहर्ट्झवरचे फाइव्ह-जी लांब जाते आणि घरात शिरते, पण वेग बेताचा देते. ३.३ गिगाहर्ट्झच्या पुढचे झपाट्याचे असते, पण भिंतीआड मंदावते. २६ गिगाहर्ट्झचे तर झाडाच्या फांदीनेही अडते. मोबाइलवर ‘५जी’ ही अक्षरे तिन्ही वेळी सारखीच दिसतात.

मोबाइलच्या पट्ट्यांचे लिलाव दूरसंचार मंडळांनुसार होतात आणि कल्याण टेलिफोन्सचा भाग मुंबई मंडळात मोडतो. नाशिककडचा मुलूख महाराष्ट्र मंडळात. म्हणजे कल्याणहून नाशिककडे जाणारा प्रवासी नकळत एका मंडळातून दुसऱ्यात जातो, आणि त्याच कंपनीकडे पलीकडे वेगळे पट्टे असू शकतात.

अंगारकीला देवळाच्या परिसरात मोबाइलची रेंज पूर्ण असते आणि नेट चालत नाही. रेघा सांगतात तो टॉवरच्या आवाजाचा जोर. त्या टॉवरपाशी आपल्यासाठी जागा शिल्लक आहे का, हे त्या सांगत नाहीत. एका टॉवरची क्षमता त्याच्या कक्षेतल्या सगळ्यांत वाटली जाते, आणि हजारो भाविक एकाच वेळी फोटो पाठवू लागले की प्रत्येकाच्या वाट्याला थेंबभर येते. रेघा वाढवणारे आणि क्षमता वाढवणारे उपाय वेगळे आहेत. दुसऱ्यासाठी जास्त टॉवर, जास्त पट्टे किंवा यात्रेपुरते फिरते टॉवर लागतात. अशा ठिकाणी दुकानदारांनी वाय-फाय देणे हा एक चांगला मार्ग आहे, आणि डिसेंबर २०२० मध्ये केंद्राने मंजूर केलेल्या पीएम-वाणी योजनेत किराणा दुकान किंवा चहाची टपरीही परवान्याशिवाय, शुल्काशिवाय असे केंद्र चालवू शकते. देवस्थानाच्या गावांनी याचा विचार जरूर करावा.

उरलेली मानके लहान आहेत, पण कामाची. एनएफसी १३.५६ मेगाहर्ट्झवर चार-पाच सेंटिमीटरच्या आत चालते, आणि इतका आखूड पल्ला हा तिच्या सुरक्षेचाच एक भाग आहे. मेट्रोचे कार्ड आणि टेकवून पैसे देणारे बँककार्ड तिच्यावरच चालतात. मुंबई-नाशिक महामार्गावर पडघ्याच्या टोलनाक्यावर वाचला जाणारा फास्टॅग ८६५ ते ८६७ मेगाहर्ट्झच्या पट्ट्यातला. त्यात बॅटरी नसते, नाक्यावरच्या यंत्राने टाकलेल्या लहरीतूनच त्याला उत्तरापुरती ऊर्जा मिळते. त्याच पट्ट्याच्या आसपास लोरा हे तंत्र चालते. ते काही किलोमीटरवर मोजके आकडे पाठवते आणि वर्षानुवर्षे एका बॅटरीवर टिकते. काळूच्या काठच्या शेतात मातीतला ओलावा कळवायला किंवा पाण्याचे मीटर वाचायला असेच मानक हवे. तिथे फाइव्ह-जी लावणे म्हणजे पैशाची उधळपट्टी.

मानकाचा एक भाग मात्र पट्टा आणि वेग यांच्या पलीकडचा आहे, आणि त्याकडे सर्वांत कमी लक्ष जाते. हवेतून जाणारा मजकूर कुलूपबंद कसा करायचा, हेही मानकच ठरवते. वाय-फायचे पहिले कुलूप, डब्ल्यूईपी, २००१ मध्येच फोडता येते हे सिद्ध झाले. आज ते फुकट मिळणाऱ्या साधनांनी मिनिटांत उघडते. २००४ चे डब्ल्यूपीए २ पासवर्ड लांब असेल तर अजून भरवशाचे आहे, आणि २०१८ चे डब्ल्यूपीए ३ पासवर्डचा अंदाज बांधून करायचे हल्लेही रोखते. केबलवाला जोडणी देताना मोबाइल क्रमांक किंवा घर क्रमांक हाच पासवर्ड ठेवून जातो, असे पुष्कळ ठिकाणी घडते. राउटरच्या सेटिंगमध्ये शिरण्याचा ‘अ‍ॅडमिन’ हा पासवर्डही तसाच राहतो. आपल्या जोडणीवरून दुसऱ्या कोणी गैरकृत्य केले तर पोलिसांची पहिली चौकशी जोडणी ज्याच्या नावावर आहे त्याच्याकडेच येते. तेव्हा वाचकांनी राउटरच्या सेटिंगमध्ये जाऊन सुरक्षेपुढे डब्ल्यूपीए २ किंवा ३ लिहिले आहे ना ते पाहावे आणि दोन्ही पासवर्ड आजच बदलावेत.